पाचव्या भागातलं उत्तर

मी "कपाट" म्हणाले आणि घंटा वाजली. चुकीच्या उत्तराची घंटा वेगळी असते, भसाड्या आवाजाची. आधीच्या चार भागांत ती आमच्यासाठी इतकी कमी वाजली होती की मला आधी वाटलं, ती शेजारच्या जोडीसाठी वाजली. मग समोर उभ्या असलेल्या माझ्या जावेचं तोंड पाहिलं आणि मी गार पडले.

मला ते उत्तर द्यायचं नव्हतं. चौदा वर्षं मी ते कुणालाही दिलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. आणि आता ते दिलं होतं ते मुंबईच्या एका स्टुडिओत, चकचकीत दिव्यांखाली, पदराला माईक लावून. पुढं ते सगळा महाराष्ट्र बघणार होता.

हे कसं झालं ते सांगायचं तर आमच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी लागेल.

पुंडलिकनगरात आमचं दोन मजली घर आहे. खाली मी, माझा नवरा आणि सासूबाई; मुलगा अकरावीला, बाहेरगावी वसतिगृहात. वर धाकटे दीर आणि जाऊ. दोघं भाऊ वाळूजला, वेगवेगळ्या कंपन्यांत. स्वयंपाक मात्र सगळ्यांचा खाली, एकत्र. संध्याकाळी साडेसातला बाहेरच्या खोलीत तो शब्दांचा खेळ लागायचा, तेव्हा आम्ही दोघी भाकरीला बसलेल्या असायचो, म्हणजे उभ्या असायचो. मी पतसंस्थेतून येऊन हातपाय धुऊन पीठ मळायला घेतलेलं असायचं आणि तिची शिकवणीची पोरं नुकतीच गेलेली असायची.

खेळ साधा आहे. दोघांची जोडी. एकाला पडद्यावर शब्द दिसतो. तो शब्द तोंडातून न काढता, फक्त इशारा देऊन, जोडीदाराकडून वदवून घ्यायचा. दहा सेकंद आणि एकच उत्तर. जिंकलेली जोडी पुढच्या भागात पुन्हा येते, हरेपर्यंत येतच राहते. ओट्यापासून मान वाकडी केली की मला टीव्ही दिसायचा, तिला दिसायचा नाही. म्हणून मी शब्द वाचायचे आणि तिला इशारा द्यायचे. टीव्हीवरचे लोक अजून "अं, म्हणजे, ते असतं बघा" करत असायचे, तोवर आमचं उत्तर होऊन भाकरी उलटलेली असायची.

आमची पद्धत वेगळी होती. शब्दाचा अर्थ सांगायच्या भानगडीत आम्ही पडायचोच नाही. आम्ही घरातलं काहीतरी सांगायचो. शब्द "प्रतीक्षा" असला की मी म्हणायचे, "आपला नळ." शब्द "तडजोड" असला तर, "बाहेरच्या खोलीतला पंखा." कारण सासूबाईंना तो एकवर लागतो, बाकीच्यांना पाचवर, आणि तो वर्षानुवर्षं तीनवर फिरतोय. "गोंधळ" म्हणजे नणंदेचं लग्न. हे बाहेरच्या कुणाला कळणं शक्य नव्हतं आणि आम्हाला त्यात विचार करावा लागत नव्हता. विचार करायचा नाही, हा नियम माझाच. मी तिला बजावून ठेवलं होतं, "डोक्यात पहिलं येईल ते बोलून टाक. दुसरं यायची वाट बघितलीस की संपलं." मला माझ्या चटपटीतपणाचा जरा तोराच होता. शिकवणारी ती, आणि शिकवत मी होते.

दिरांनी एकदा मोबाइलवर आमचा असा खेळ टिपला आणि वाहिनीला पाठवून दिला. जावांची जोडी, तीही भाकऱ्या थापताना, हे त्यांना फारच आवडलं. दोन फोन आले, एक चाचणी झाली, बोलावणं आलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जा, पण घरातलं चव्हाट्यावर मांडू नका." आम्ही हसलो. घरातलं मांडल्याशिवाय आम्हाला खेळताच येत नव्हतं.

तिथं गेल्यावर कळलं की एका दिवसात पाच भाग टिपतात. म्हणून प्रत्येकीनं पाच साड्या आणायच्या, इस्त्री करून. एक भाग जिंकला की पळत जायचं, दहा मिनिटांत साडी बदलायची, केस जरा वेगळे बांधायचे आणि दुसरा दिवस उजाडल्यासारखं हसत यायचं. निकाल बाहेर कुणाला सांगणार नाही, असं आधीच लिहून घेतलं होतं. सोमवारची साडी, मंगळवारची साडी, असं करत आम्ही जिंकत गेलो. "प्रतीक्षा" खरोखरच आला आणि तिनं "आपला नळ" म्हटल्यावर मी उत्तर दिलं, तेव्हा सूत्रसंचालक पोट धरून हसला. तिसऱ्या भागापर्यंत त्यांच्या लोकांनी आम्हाला चहा विचारायला सुरुवात केली होती. एका साडीची पिन लावताना ती मला म्हणाली, "ताई, मला लई वर्षांनी असं वाटलं की मी पण काहीतरी हाये." मी म्हणाले, "आहेसच की." आणि पिन तिच्या खांद्यात टोचली.

आता त्या कपाटाचं सांगते. चौदा वर्षांपूर्वी ती नवी नवरी होती. माहेर करमाडचं, शेतीचं घर, पण बापानं हट्टानं तिला डीएड करायला लावलेलं. लग्नाला वर्ष होत होतं आणि करमाडजवळच्या एका शाळेतून तिला मुलाखतीचं पत्र आलं. ओळखीतून कळलं होतं की जागा जवळजवळ तिचीच आहे, नुसतं जाऊन बसायचं. पत्र पोस्टमननं माझ्या हातात दिलं. ती तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

सासूबाईंचा खुबा मोडला होता, त्या अंथरुणाला खिळून होत्या. माझा मुलगा दोन वर्षांचा. मी पतसंस्थेत काउंटरवर लागून जेमतेम चार महिने झाले होते, आणि घरात तीच सगळ्यांचं करत होती. तिला शाळेची नोकरी लागली असती तर दोघींपैकी एकीला घरी बसावं लागलं असतं. तिचा पगार शाळेचा, माझा पतसंस्थेचा. कोण बसणार हे विचारायची गरजच नव्हती. पाकीट धड चिकटलेलंही नव्हतं. मी ते उघडलं, तारीख वाचली, भाताच्या शितानं परत चिकटवलं आणि सासूबाईंचा डोळा लागलेला बघून त्यांच्या खोलीतल्या कपाटात, माझ्या लग्नातल्या शालूखाली ठेवलं. आठ दिवसांनी तारीख उलटली. नवव्या दिवशी मी ते तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आत्ता आलं बघ."

तिनं पोस्टात जाऊन त्या पोस्टमनशी कडाक्याचं भांडण केलं. पुढं शाळांच्या भरत्याच थांबल्या. तिची शाळा आमच्या पुढच्या खोलीतच भरायला लागली, दुपारी चार ते सात. मी आज त्याच पतसंस्थेत शाखा सांभाळते. हे लिहिताना माझा हात थरथरतोय असं म्हणणं बरं दिसलं असतं, पण तेव्हा तो थरथरला नव्हता, ही खरी गोष्ट आहे. मी शितानं पाकीट फार नीट चिकटवलं होतं.

पाचव्या भागात इशारा द्यायची पाळी तिची होती. तिच्या समोरच्या पडद्यावर शब्द होता "उशीर". मला तो नंतर कळला. तिनं एक क्षणही न घालवता म्हटलं, "माझं मुलाखतीचं पत्र."

इशारा उत्तम होता. आमच्या घरात कुणालाही विचारा, "उशीर" हेच उत्तर आलं असतं. तिच्यासाठी त्या पत्राचा दुसरा अर्थच नव्हता. माझ्या डोळ्यांपुढं मात्र करड्या रंगाचं दार आलं, शालूची घडी आली, आणि विचार करायचा नाही हे मीच स्वतःला इतकं पढवून ठेवलं होतं की पहिलं आलं ते बोलून टाकलं.

"कपाट?" सूत्रसंचालक म्हणाला, "ताई, मुलाखतीच्या पत्राचा आणि कपाटाचा काय संबंध?" लोक हसले. मीसुद्धा हसल्यासारखं केलं असावं, कारण पुढं टीव्हीवर माझे दात दिसतात. ती हसली नाही. तिनं फक्त ओठ हलवून तो शब्द एकदा उच्चारून पाहिला. नंतरच्या फेरीत इशारे मी द्यायचे होते. मी काहीतरी बोलत होते आणि ती माझ्याकडं बघत उभी होती, एकाही शब्दाला तिनं तोंड उघडलं नाही. आम्ही हरलो. आमच्या गळ्यात फुलांचे हार घातले, फोटो काढले.

मेकअपच्या खोलीत ती कापसानं तोंड पुसत होती. आरशातूनच तिनं विचारलं, "कपाट कामून म्हणलात?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी दीडशे माणसांनी माझ्या हजरजबाबीपणाला टाळ्या वाजवल्या होत्या, पण मला एक वाक्य सुचेना.

"किती दिवस व्हतं?"

"आठ."

"वाचलं व्हतं?"

"हो."

तिनं कापूस टाकला, दुसरा घेतला. मला वाटलं आता ती ओरडेल, रडेल, निदान पाठ फिरवेल. ती म्हणाली, "मी त्या पोस्टमनला काय काय बोलले, ताई. बापाच्या वयाचा माणूस. त्यानं हात जोडले व्हते माझ्यापुढं." याचाच मला जास्त धक्का बसला. स्वतःच्या चौदा वर्षांआधी तिला तो पोस्टमन आठवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत निघालो. मनमाडपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मीच म्हणाले, "घरी गेल्यावर सगळ्यांना सांगते. सगळ्यांसमोर तुझी माफी मागते."

"काही सांगायचं नाय," ती म्हणाली. "आईंना या वयात सोसायचं नाय. आणि ह्यांना कळलं तर हे भावाचं तोंड बघायचे नायत. घर फुटंल. टीव्हीवर दिसंल तेव्हा म्हणू, गडबडीत निघालं तोंडातून."

मला हायसं वाटलं. लाज वाटली ती त्यानंतर, आणि तीही हायसं वाटल्याची. ज्या घरासाठी तिची नोकरी गेली, ते घर तिला अजून राखायचं होतं आणि तिचा नवरा तिच्या बाजूनं पेटून उठेल याची तिला खात्री होती.

भाग दाखवायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत ती रोज भाकरीला आली, रोज बोलली. मीठ द्या, गॅस कमी करा, एवढं. साडेसातला टीव्ही लागायचा आणि आम्ही दोघी परातीकडं बघत उभ्या राहायचो. एकदा गच्चीवर तिला एकटी गाठून मी म्हणाले, "माझं चुकलं."

"चुकलं म्हणलं की चुकून झाल्यासारखं वाटतं, ताई," ती म्हणाली आणि चिमटे वेचत राहिली.

सोमवारी पहिला भाग लागला आणि आमच्या घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. गल्लीतल्या बायका, त्यांची पोरं, दिरांच्या कंपनीतले दोघंतिघं. करमाडहून फोनावर फोन. पेढे वाटले. मंगळवार, बुधवार, गुरुवार हाच प्रकार. सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "दोघी माझ्या सुना." शुक्रवारी नेमकं नळाला पाणी आलं. अख्खी गल्ली हंडे-पिंप घेऊन गुंतली आणि आमच्याकडं कुणीच आलं नाही. घरातले पाच जण तेवढे होतो. मला देव पावल्यासारखं झालं.

माझं वाक्य तयार होतं. "गडबडीत निघालं तोंडातून, दमले होते मी." कोण विचारेल याचाही अंदाज बांधला होता. दीर विचारतील, कारण दिरांना प्रत्येक उत्तरावर काहीतरी बोलायचंच असतं. चार दिवस ते सामना बघितल्यासारखं बोलत होते.

पडद्यावर तिनं इशारा दिला. पडद्यावर मी "कपाट" म्हणाले. घंटा वाजली.

कुणी विचारलं नाही.

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला आणि मग पुन्हा चालू झाला. माझ्या नवऱ्यानं रिमोट उचलून आवाज कमी केला. दिरांनी मान खाली घालून मोबाइल काढला. मी तोंड उघडलं होतं, वाक्य जिभेवर होतं, आणि कुणीच विचारलेलं नव्हतं. टीव्हीतला सूत्रसंचालक बारीक आवाजात विचारत होता की पत्राचा आणि कपाटाचा काय संबंध, आणि आमच्या घरात त्या प्रश्नाचं कुणालाही नवल वाटत नव्हतं.

मला उमगायला वेळ लागला. तिला माझ्याआधी कळलं. तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. सासूबाई, माझा नवरा, आणि शेवटी तिचा.

"तुम्हाला पण ठाऊक व्हतं?"

"काय?" दीर म्हणाले. मग मोबाइलवरची नजर न काढता, "जुनं झालं गं आता ते."

सासूबाईंनी लसणाची पाकळी ताटात टाकली. "मी काय झोपले नव्हते त्या दिवशी. मला दिसलं, हिनं ठेवलं ते. म्हणलं, थोरली हाये, काही विचारानंच ठेवलं असंल. पोरांना सांगितलं म्या तवाच. तेव्हा माझं कोण करणार व्हतं?"

मी माझ्या नवऱ्याकडं बघितलं. चौदा वर्षं मी या माणसाशेजारी हे पोटात ठेवून झोपले होते. तो म्हणाला, "तू बोलली नाहीस, म्हणून मी पण काढलं नाही." अगदी समजूतदार नवऱ्यासारखं म्हणाला.

मला वाटत होतं की घरात चोर एक आहे आणि ती मी आहे. खरं तर पाचांतले चार जण त्या कपाटाच्या दाराला पाठ लावून बसले होते, आणि सगळ्यांचं बरं चाललं होतं. मला राग आला. कुणाचा आला ते नीट सांगता येणार नाही. माझ्यावर या चौदा वर्षांत कुणी एकदाही चिडलं नव्हतं, याचाही मला राग आला.

ती उठली. ओरडली नाही. नवऱ्याला म्हणाली, "मी ताईंना म्हणलं व्हतं, ह्यांना सांगू नका, हे भावाचं तोंड बघायचे नायत." आणि वर निघून गेली. त्या संध्याकाळी भाकऱ्या मी एकटीनं केल्या आणि त्या सगळ्यांनी खाल्ल्या. दिरांनी दोन खाल्ल्या.

महिन्याभरात वर वेगळा गॅस आला. भांडण झालं नाही, वाटण्या झाल्या नाहीत. पाहुण्यांना आम्ही सांगतो की सासूबाईंचं पथ्याचं असतं म्हणून वेगळं करतो. तिनं शिकवणीची वेळ वाढवली आहे, मुलं वरच जातात. जिन्यात भेटली तर मला अजून "ताई" म्हणते.

दिवाळीनंतर वाहिनीचा फोन आला. आजवरच्या गाजलेल्या जोड्यांचा एक खास भाग करायचा होता आणि लोकांनी म्हणे "नळवाल्या जावा" हव्यात असं कळवलं होतं. मी नाहीच म्हणणार होते. पण नाव दोघींचं होतं, म्हणून तिला विचारायला वर गेले. तिनं वह्या तपासता तपासता ऐकून घेतलं.

"कधी निघायचं?" तिनं विचारलं.

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, ती मला तिथं, सगळ्यांसमोर काहीतरी बोलेल. आमच्या पद्धतीनं. घरातलं काहीतरी काढेल, लागेल असं, आणि मी उत्तर देईन. पूर्ण प्रवासभर मी त्याची तयारी करत होते. शब्द "खोटं" असला तर ती काय म्हणेल, "चोरी" असला तर काय म्हणेल. बोलू दे, मी मनात म्हणत होते. तिनं काही म्हटलं असतं तर ते आमच्या दोघींतलं तरी असतं.

सूत्रसंचालकानं जुन्या मैत्रिणी भेटल्यासारखं आमचं स्वागत केलं आणि गालातल्या गालात हसला. पहिला शब्द त्यांनी मुद्दाम निवडला असणार. तो पडद्यावर आला तसे लोकही हसले. तिनं तो वाचला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको," ती म्हणाली. वर्गात फळ्यावर लिहून द्यावं तसं, सावकाश, स्पष्ट.

"जाऊ," मी म्हणाले.

उत्तर बरोबर होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ती पुढच्या शब्दाकडं बघायला लागली.